दहावी मराठी माध्यमातून, आता नीट : पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात की कोल्हापूर-लातूरला?

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा एसएसएलसीचा, म्हणजे इथल्या दहावीचा निकाल लागला, ९१ टक्के पडले. पहिलीपासून मराठी माध्यम, सगळं शिक्षण खेड्यातच. सातवीपासून डॉक्टर व्हायचं म्हणते, आणि नुसतं म्हणत नाही, विज्ञानाला ९८ आहेत.

घरी भात आणि थोडे काजू. मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, अनगोळला खोली घेऊन राहतो. आमच्याकडे आजवर बारावी सायन्स कुणी केलेलं नाही, त्यामुळे ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. मामा म्हणतात कोल्हापूरला अकरावीला घाला, नीटचा पेपर मराठीत मिळेल आणि महाराष्ट्राचा कोटाही मिळेल. तिचे सर म्हणतात दक्षिण कन्नडातलं मूडबिद्री. एकजण लातूर म्हणाला. बाबांचं म्हणणं, बेळगावात माझ्याकडे राहून शिकू दे. कर्ज काढायची तयारी आहे, पण पोरीचं नुकसान व्हायला नको. अॅडमिशनला फार दिवस नाहीत. माहीतगारांनी कृपया सांगा.

टिळकवाडी_कट्टा
बहिणीचं मनापासून अभिनंदन! मराठी शाळेतून विज्ञानात ९८ म्हणजे आधी कुंदा पाठवा, सल्ला नंतर.

निपाणीकर
जांबोटीकर, मामांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यात मोठा खड्डा आहे. घाईत अॅडमिशन घेऊ नका, आधी हे वाचा.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर डोमिसाइल. सरकारी नोकरांच्या मुलांचे वगैरे काही अपवाद आहेत, ते तुम्हाला लागू होणार नाहीत. बहिणीची दहावी कर्नाटक बोर्डाची झाली, विषय तिथेच संपला. अकरावी-बारावी कोल्हापुरात केल्याने ती महाराष्ट्राची होत नाही. आमच्या निपाणीतून कोल्हापूर जवळ, त्यामुळे दरवर्षी इथली पोरं तिकडे जातात आणि दरवर्षी कुणाचे तरी आईबाप कागद तपासायच्या वेळी हे पहिल्यांदा ऐकतात. माझ्या चुलत भावाच्या मुलाला एका क्लासवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, 'काही होत नाही, बारावी इथली असली की बास.' दोन वर्षांची फी भरून झाल्यावर कळलं.

उलट कर्नाटकाचा नियम बघा. पहिली ते बारावीतली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं, आणि दहावी किंवा बारावी यांतली एक तरी परीक्षा इथून पास असावी. बहिणीची दहा वर्षं इथलीच आहेत. म्हणजे ती बारावीला कुठेही गेली तरी केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या यादीत तिचा हक्क राहतो. तेव्हा कोल्हापूर-लातूरला घालायचं असेल तर शिकवणं चांगलं आहे म्हणून घाला, कोट्यासाठी घालू नका. केईएचं माहितीपत्रक दरवर्षी निघतं, त्यातली पात्रतेची कलमं स्वतः वाचा.

संकेश्वरी_मिरची
निपाणीकरांना +१. हे ठळक अक्षरांत छापून सीबीटी बसस्टँडवर लावायला हवं.

बेकिनकेरी
निपाणीकर, एक भर घालते. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वैद्यकीयला वेगळ्या जागा ठेवल्या आहेत. त्यांच्या सीईटी सेलच्या माहितीपत्रकात 'एमकेबी' म्हणून असतं बघा. गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असावं लागतं, मातृभाषा मराठी असावी लागते आणि तसे दाखले जोडावे लागतात. खानापूर तालुक्यातल्या गावांना हे बघायलाच हवं.

पण जागा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पूर्ण सीमाभागातली हुशार पोरं त्यावर डोळा ठेवून असतात. मी अर्ज केला होता, नंबर लागला नाही, मग कर्नाटकातून बीएएमएस मिळालं आणि आता आनंदात शिकते आहे. अर्ज जरूर करा. मात्र तेवढ्यावर दोन वर्षांचा बेत बांधू नका.

जुना_सीमावासी
वाचून बरं वाटलं की निदान ही जागा तरी शिल्लक आहे. १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हापासून आमच्या तीन पिढ्या हेच कागद जमवत आहेत. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टात दावा २००४ पासून. पोर हुशार असूनही इकडे मराठी माध्यमाला काही नाही, तिकडे दहावी चालत नाही. कन्नड माध्यमात दहावीपर्यंत शिकलेल्यांना इथे पाच टक्के राखीव, मग मराठी शाळेतल्या मुलांनी काय पाप केलं?

वडगावचा_विणकर
काका, तुमचं दुखणं खरं आहे, पण पलीकडच्या बाजूचंही बघा. जत, अक्कलकोटच्या कन्नड पोरांना कर्नाटकाने 'गडिनाडु कन्नडिग' म्हणून वाट ठेवलीय. दोन्ही सरकारं आपापल्या भाषेच्या पोरांसाठी पलीकडे खिडकी उघडतात. पोरांच्या दृष्टीने खिडकी असणं चांगलंच.

जुना_सीमावासी
खिडकी नको, दार हवं. पण असो, धागा पोरीचा आहे. थांबतो.

संकेश्वरी_मिरची
आता मामांचा दुसरा मुद्दा, मराठी पेपर. नीट तेरा भाषांत होते, त्यात मराठी आहे. पण मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या सेंटरवर मिळतो. बेळगावच्या सेंटरला इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड. सेंटरची शहरंही फॉर्ममधल्या पत्त्याप्रमाणे निवडावी लागतात, त्यामुळे अनगोळला राहून ऐनवेळी कोल्हापूरचं सेंटर टाकू असं धरून चालू नका. भाषा एकदा फॉर्ममध्ये भरली की बदलत नाही.

आणि खरं सांगू का, त्यावाचून अडत नाही. अकरावी-बारावीचं सायन्स इथेही इंग्रजीत आणि कोल्हापुरातही इंग्रजीतच. दोन वर्षं इंग्रजीत शिकून शेवटच्या तीन तासांत मराठीत कशाला वाचायचं?

शहापूर_पेठ
मिरचीताई, इथे माझं जमत नाही. मराठी पेपर म्हणजे नुसता मराठी नसतो, दोन्ही भाषा शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. बायोलॉजीत विधान आणि कारण असे लांबलचक प्रश्न येतात, त्यातलं एखादं 'नॉट' नजरेतून सुटलं की चार मार्क गेले, वर एक कापला. अशा वेळी आपल्या भाषेतली ओळ धीर देते. ज्या पोराचं इंग्रजी कच्चं आहे त्याला हा पर्याय असायलाच हवा, आणि बेळगावात मराठी पोरं एवढी असताना इथल्या सेंटरला तो का नाही, हे विचारलं पाहिजे.

संकेश्वरी_मिरची
बेळगावात मिळायला हवा यावर माझी सही. पण दोन भाषांत फरक पडला तर इंग्रजीच धरली जाते, म्हणजे इंग्रजी यायलाच हवं. १८० मिनिटांत १८० प्रश्न असताना दोन्ही वाचायला वेळ कुठला?

उचगावचा_पोरगा
मी लातूरला होतो, त्यामुळे बोलतो. लातूरला सगळे नावं ठेवतात, पण मला फायदा झाला. खोलीतले चौघेही पहाटे उठून अभ्यासाला बसायचे, मग आपणही बसतो. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी निकाल भिंतीवर. घरी असतो तर जत्रा, लग्नं, क्रिकेट यातून एवढा अभ्यास माझ्याच्याने झाला नसता. ज्याला घरी शिस्त जमत नाही त्याने जावं.

पण सगळ्यांना ते मानवत नाही. भिंतीवरच्या यादीत खाली खाली जाणारी पोरं मी बघितलीत. जेवण सोडायची, घरचा फोन उचलायची नाहीत. जांबोटीकर, बहीण स्वभावाने कशी आहे ते बघा. आणि तिला विचारलंत का कुठे जायचंय? धाग्यात मामा, सर, बाबा सगळ्यांचं मत आलं, तिचं आलेलं नाही.

खानापूरची_आई
उचगावच्या पोरा, लाख बोललास.

माझी मोठी दक्षिण कन्नडच्या एका होस्टेलवाल्या कॉलेजात होती. शिकवणं उत्तम, शिस्त कडक, इंटिग्रेटेड कोचिंग आत. फी होस्टेलसकट लाखांत जाते हे धरूनच चाला. पोरगी पहिले तीन महिने रोज रडायची. एक तर जेवण, कुसलक्की म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि सगळ्यात खोबरं. आम्ही भाकरी-आमटीची माणसं. दुसरं म्हणजे भाषा, वर्गात इंग्रजी आणि खोलीत कन्नड-तुळू. नंतर रुळली, मैत्रिणी झाल्या, आता कन्नड माझ्यापेक्षा छान बोलते. धाकटीला मात्र मी बेळगावातच ठेवलंय. खानापूरहून रोज बसने जाते, शक्ती योजनेत मुलींना तिकीट नाही, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च शून्य. पावसाळ्यात बसचा खोळंबा होतो एवढंच. पण तुमची तर अनगोळला खोली आहे, तोही प्रश्न नाही.

टिळकवाडी_कट्टा
कुसलक्की भाताची बदनामी थांबवा, माशाच्या कालवणाबरोबर त्यासारखं काही नाही!

खानापूरची_आई
आम्ही माळकरी आहोत हो दादा.

खडू_आणि_फळा
मी पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं दरवर्षी बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कर्नाटकात पीयूसी सायन्सला एनसीईआरटीचीच पुस्तकं आहेत आणि नीट त्यावरच बेतलेली असते. म्हणजे कॉलेजचा अभ्यास आणि नीटचा अभ्यास ही दोन वेगळी ओझी नाहीत. पेपर ७२० चा. बायोलॉजीचे ९० प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ४५-४५. निम्मे गुण एकट्या बायोलॉजीचे, आणि ते पुस्तक घरी बसून, ओळ न् ओळ वाचून काबूत आणता येतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले तीन-चार महिने जड जातात, ते इंग्रजीमुळे. विषय त्यांना कळलेला असतो. माझी एक विद्यार्थिनी कडोलीकडची. तिने मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचं पान कसं केलं ते सांगतो. आधी पेन्सिलने समासात अडलेल्या शब्दांचे अर्थ मराठीत लिहिले. मग पुस्तक मिटून वहीत आकृती काढली, पीसीटी, हेन्लेचा लूप, डीसीटी, कलेक्टिंग डक्ट. प्रत्येक भागावर बोट ठेवून तिथे काय शोषलं जातं ते मोठ्याने इंग्रजीत म्हटलं. शेवटी पुस्तक उघडून काय सुटलं ते लाल पेनाने. 'पीसीटीत ७० ते ८० टक्के इलेक्ट्रोलाइट्स आणि पाणी परत शोषलं जातं', असल्या एका ओळीवर प्रश्न येतो. पहिलं पान करायला तिला पूर्ण संध्याकाळ लागली. दिवाळीपर्यंत ती वर्गात इंग्रजीत शंका विचारायला लागली होती.

दुसरी गोष्ट, उणे गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. १५० प्रश्न सोडवले, १३० बरोबर आणि २० चूक, तर ५२० वजा २०, म्हणजे ५००. तेच २० कोरे सोडले असते तर ५२०. 'टाकून बघू' ही सवय पहिल्या टेस्टपासून मोडायची.

तिसरी गोष्ट, मॅथ्स सोडू नका. डॉक्टरकीला लागत नाही म्हणून पुष्कळजण पीसीबी आणि कुठलातरी चौथा विषय घेतात. मग फिजिक्समध्ये साधं डिफरन्सिएशन, लॉगरिदम अडतं. २०२५ च्या पेपरला फिजिक्सने किती जणांना रडवलं ते आठवा. त्या वर्षी देशात पहिला आलेल्याचे गुण ६८६ होते, आदल्या वर्षी ७२० पैकी ७२० घेणारे ढीगभर. म्हणून 'अमक्याला एवढे पडले होते' यावर जाऊ नका, रँक बघा.

आणि जुनी पुस्तकं घेताना जपून. अभ्यासक्रमातून बरेच धडे गळलेत, सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, डायजेशन वगैरे. फुकट मिळाली म्हणून दहा वर्षांपूर्वीची पुस्तकं वाचत बसली तर वेळ वाया.

शहापूर_पेठ
सर, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. एक शंका, कॉलेज सांभाळून वेगळा क्लास लावावाच लागतो का?

खडू_आणि_फळा
फिजिक्ससाठी आणि नियमित टेस्टसाठी बहुतेकांना लागतो. पण क्लास निवडताना जाहिरातीतले फोटो बघू नका. मागच्या वर्षी तिथे बसलेल्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा की शंका विचारायला सर थांबतात का. ७० जणांच्या वर्गात कोपऱ्यात बसलेल्या लाजऱ्या मुलीचं काय होतं, ते त्या मुलांनाच माहीत असतं.

अपघात_विभाग
डॉक्टर आहे, इथल्याच सरकारी दवाखान्यात काम केलंय. सगळे कोट्याबद्दल बोलतायत, मी कन्नडबद्दल बोलतो. बेळगावच्या वॉर्डात खानापूरची आजी मराठीत बोलते, पण शेजारच्या खाटेवर सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाकचा पेशंट असतो, त्याला कन्नडच येतं. पोटात कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, हे त्याच्या भाषेत विचारता आलं तर अर्धं निदान तिथेच होतं. बहिणीने दहावीपर्यंत कन्नड शिकलेलंच आहे, ते सोडू नये. मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा डॉक्टर या जिल्ह्यात सोन्यासारखा.

आणि कॉलेजांबद्दल एक गोष्ट. बेळगावात केएलईचं जेएनएमसी आहे, १९६३ चं, नावाजलेलं, पण ते डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठाचं. तिथले प्रवेश दिल्लीच्या एमसीसीमार्फत, म्हणजे केंद्राच्या समितीमार्फत होतात, राज्य कोटा नाही आणि फी सामान्य घराला झेपणारी नाही. तुमचं लक्ष्य बेळगावचं बिम्स, हुबळी असली सरकारी कॉलेजं आणि खासगीतल्या सरकारी कोट्याच्या जागा. त्या केईएकडून.

जांबोटीकर
सगळ्यांचे आभार. रात्रपाळीहून आल्यावर एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. उचगावच्या दादाचं वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणते, 'बेळगावातच शिकते, पण दर रविवारी टेस्ट असलेला क्लास पाहिजे.' म्हणजे तिने आधीच विचार करून ठेवला होता, आम्हीच विचारत नव्हतो.

आता कोट्याचं विचारतो. आम्ही मराठा, कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत थ्री-बी. ग्रामीणचं काही असतं म्हणतात, ते तिला मिळेल का? मराठी माध्यम असल्याने अडेल का?

निपाणीकर
माध्यमाने अडत नाही. ग्रामीण कोटा १५ टक्के आहे. पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं, ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावीत. इथे बारीक बघा, शाळा कुठे आहे ते मोजतात, घर कुठे आहे ते नाही. तालुक्यातल्या पुष्कळ मुली आठवीला खानापूर गावात येतात. तिथे पट्टण पंचायत आहे, ती वर्षं ग्रामीणमध्ये धरत नाहीत. तुमची बहीण खेड्यातल्याच हायस्कूलला होती ना?

जांबोटीकर
हो, दहावीपर्यंत जांबोटीतच.

निपाणीकर
मग उत्तम. शाळेकडून ठराविक नमुन्यात दाखला घ्यायचा आणि त्यावर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही-शिक्का. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढा, त्यावरचा आरडी नंबर केईएच्या फॉर्ममध्ये टाकावा लागतो. शाळेतला तिचा सॅट्स नंबरही लिहून ठेवा, कुठे किती वर्षं शिकली ते त्यावरून बघतात. आणि नाव! एसएसएलसी मार्कलिस्टवर जसं आहे तसंच आधारवर पाहिजे. आपल्याकडे मराठीत एक, कन्नडमधून इंग्रजीत येताना दुसरं, असं होतं. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, यावरही गाडी अडते. हे आत्ता दुरुस्त करा, दोन वर्षांनी जून महिन्यात तहसीलला उभं राहायची पाळी येऊ नये.

बेकिनकेरी
आणि दोन फॉर्ममधल्या कॅटेगरी एक समजू नका. नीटच्या फॉर्ममध्ये केंद्राच्या यादीप्रमाणे भरायची, केईएकडे राज्याच्या यादीप्रमाणे. थ्री-बी ही इथली कॅटेगरी आहे. घटनेच्या कलम ३७१-जे वाला फायदाही बेळगावला नाही, तो कल्याण कर्नाटकाचा. क्लासवाले सरसकट सांगून मोकळे होतात.

वडगावचा_विणकर
केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीचा फॉर्मही भरा. व्हेटर्नरी, अॅग्री, फार्मसी त्यातून. नीटवर बीएएमएस, बीडीएसही आहे. एकदा नाही झालं तर लगेच रिपीटला बसवायच्या आधी पोरीशी बोला. एक वर्ष रिपीट केलेली चांगली निघालेली पोरं आहेत, पण तीन-तीन वर्षं खोलीत बसून सुकलेलीही आहेत.

जुना_सीमावासी
जांबोटीकर, माझ्या नातीने गेल्या वर्षी नीट दिली. बायोलॉजीचे आणि केमिस्ट्रीचे दोन्ही वर्षांचे एनसीईआरटीचे भाग आहेत, नवीन आवृत्तीचे, सरांनी सांगितलेले धडे गळलेलेच. समासात तिने मराठीत लिहिलंय. चालतील?

जांबोटीकर
काका, न चालायला काय झालं! कुठे येऊ? शनिवारी मला दुपारपर्यंत सुट्टी आहे. पैसे मात्र घ्यावे लागतील.

जुना_सीमावासी
पैशाचं बोलू नका. शनिवारी दहाला सीबीटी, खानापूर बसच्या फलाटाजवळ. बहिणीलाही आणा, नात येतेय. फिजिक्सच्या टेस्टांचं तिच्याकडून समजून घेऊ दे. व्यनित (खासगी निरोपात) नंबर टाकतो.

टिळकवाडी_कट्टा
सीबीटीवर दहाला मीही आहे. कुंदा मी आणतो.